यकृतकृमीच्या धड्यात पोशिंदा कुठे आहे?

तुमच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकातील 'फॅसिओला हिपॅटिका' हा पाठ उघडा आणि त्यातील जीवनचक्राची आकृती समोर ठेवा. अंडे आहे, मिरासिडियम आहे, गोगलगाय आहे, गोगलगायीतील स्पोरोसिस्ट, रेडिया आणि सर्केरिया आहेत, गवताच्या पात्याला चिकटलेला मेटासर्केरिया आहे. तेथून एक बाण निघतो आणि मेंढीच्या चित्रापाशी थांबतो. मेंढीपासून दुसरा बाण निघतो, तो शेणातून पडणाऱ्या अंड्यापाशी जातो. या दोन बाणांच्या मधे काय घडते ते आकृतीत नाही. वास्तविक पाहता रोग म्हणतात तो सगळा तेथेच घडतो.

या पाठावर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. कृमीच्या अवस्था आपण इतक्या बारकाईने शिकवतो की रेडियाला किती जंतुपेशी असतात हेही विद्यार्थी सांगतो. पण त्या कृमीने यकृतात नेमके काय केले आणि यकृताने त्याला काय उत्तर दिले, असे विचारले तर दोन ओळींच्या पुढे कोणी जात नाही. त्या दोन ओळीही ठरलेल्या असतात: कृमीच्या हालचालीमुळे यकृताला इजा होते, त्याच्या विषारी स्रावांमुळे दाह होतो, पित्तवाहिन्या जाड होतात, जनावर अशक्त होते. यातले एकही विधान साफ खोटे नाही. मात्र यांतून काहीच समजत नाही.

असे का झाले, हे इतिहासात शोधावे लागते. १८७९-८० च्या ओल्या हंगामात ब्रिटनमध्ये या रोगाने सुमारे तीस लाख मेंढ्या मेल्या. त्यानंतर ऑक्सफर्डमध्ये अल्जर्नन थॉमस आणि जर्मनीतील लाइपझिगमध्ये रुडॉल्फ लॉइकार्ट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे १८८१ ते १८८३ या काळात गोगलगायीतील अवस्थांचा उलगडा केला. काम खरोखरच थोर होते. पाठ्यपुस्तकातील आकृती मुळात त्या कामाची आकृती आहे आणि तेव्हा जे ठाऊक नव्हते ते तिच्यात आजही कोरेच आहे. मेंढीच्या पोटात गेलेला पिल्लू-कृमी आतड्याची भिंत भेदून उदरपोकळीतून यकृतात शिरतो, हा मार्ग दिमित्री सिनिट्सिन यांनी १९१४ च्या सुमारास दाखवला. तोवर तो पित्तवाहिनीतून सरळ वर चढत असावा असे मानणारे पुष्कळ होते. मार्ग कळला, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. पुस्तकात त्याची एक ओळ आली, पण आकृतीतला बाण तसाच राहिला.

आता त्या बाणाच्या आत जाऊ.

मेटासर्केरियाची कोशिका पाव मिलिमीटरच्या आसपास असते. लहान आतड्यात ती फुटते, आतला पिल्लू-कृमी काही तासांत आतड्याची भिंत पार करतो आणि चार ते सहा दिवसांत यकृताचे आवरण भेदून आत घुसतो. पुढचे सहा ते आठ आठवडे तो यकृताच्या ऊतीतून वाट पोखरत, खात आणि वाढत हिंडतो. त्याच्या मागे रक्ताने आणि मृत पेशींनी भरलेली बोगद्यासारखी वाट उरते. मेंढीने एकाच वेळी दोन हजारांहून अधिक मेटासर्केरिया खाल्ले असतील तर अशा हजारो वाटा एकाच यकृतात एकाच वेळी पडतात आणि मेंढी रक्तस्रावाने अचानक मरते. त्या दिवशी तिच्या शेणात एकही अंडे सापडत नाही, कारण अंडी घालणारा प्रौढ कृमी अजून तयारच झालेला नसतो. हे वाक्य अधोरेखित करून ठेवा. शेणतपासणीत अंडी नाहीत म्हणजे यकृतकृमी नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्याला हा पाठ समजलेला नाही.

वाटेत दाह कसा होतो, यात एक लक्षवेधी गोष्ट आहे. स्पेनमधील कोर्दोबा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी शेळ्या-मेंढ्यांच्या यकृताचे जे छेद तपासले त्यांत असे आढळले की हिंडत्या कृमीच्या अगदी भोवती दाहक पेशींची गर्दी फारशी नसते. ती त्याच्या मागे, जुन्या वाटेत असते. तेथे इओसिनोफिल येतात, महाभक्षी पेशी येतात, काही ठिकाणी अनेककेंद्रकी महापेशी तयार होतात, मग तंतुजनक पेशी येऊन कोलॅजन विणू लागतात. चोर पुढच्या घरात शिरला आहे आणि गर्दी मागच्या घरासमोर जमली आहे, असा हा प्रकार. कृमीने आपल्या अंगावरचा शर्करायुक्त थर सतत टाकून नवा धारण करणे, त्याच्या स्रावातील कॅथेप्सिन एल या विकराने प्रतिपिंडे तोडणे, कृमीजवळच्या इओसिनोफिलांचा नियोजित पेशीमृत्यू होणे, अशा अनेक गोष्टींनी हा उशीर साधला जातो. 'विषारी स्रावांमुळे दाह होतो' हे पुस्तकातील वाक्य म्हणूनच अर्धे आहे. त्या स्रावांतील पुष्कळसे घटक दाह भडकवत नाहीत. ते दाह दाबतात किंवा त्याची दिशा वळवतात.

सात-आठ आठवड्यांनी कृमी पित्तवाहिनीत पोहोचतो आणि येथून दुसरा दाह सुरू होतो. तो पहिल्याची पुढची पायरी नव्हे. जागा वेगळी, पेशी वेगळ्या, परिणामही वेगळे. पित्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी वाढून घड्या पडतात, भिंतीभोवती तंतुमय ऊतीचे कडे तयार होते, आणि गाईगुरांत त्यावर कॅल्शियम साचून वाहिनी मातीच्या चिलमीच्या दांड्यासारखी कडक होते. अशा यकृतावर सुरी फिरवली की करकर आवाज येतो. मेंढीत हे कॅल्शियम साचत नाही. मेंढी आणि गाय यांचे यकृत एकाच कृमीला निरनिराळे उत्तर देते, ही गोष्ट पाठात ठळकपणे यायला हवी होती, पण बहुधा 'पाइप-स्टेम लिव्हर' एवढा शब्द देऊन पुढे जातात आणि तो कोणत्या जनावराचा ते सांगायचे राहून जाते.

दोन्ही टप्पे वेगळे असल्याचा पुरावा रक्ततपासणीतही मिळतो. कृमी यकृताच्या ऊतीतून हिंडत असताना यकृतपेशींच्या तंतुकणिकांमधील ग्लुटामेट डिहायड्रोजिनेज हे विकर रक्तात वाढते. कृमी पित्तवाहिनीत गेल्यावर गॅमा ग्लुटामिल ट्रान्सफरेज वाढते, कारण ते वाहिनीच्या अस्तराशी निगडित आहे. जीवरसायनशास्त्राच्या तासाला ही दोन्ही विकरे तुम्ही पाठ केलेली असतात. परजीवीशास्त्राच्या तासाला त्यांची आठवण कोणी करून देत नाही.

येथे भाषेची एक अडचण सांगितली पाहिजे, कारण मराठीतून शिकणाऱ्याला ती विशेष नडते. आपण 'सूज' हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतो. 'यकृताला सूज येते' म्हणतो तेव्हा आपल्याला दाह अभिप्रेत असतो. 'जबड्याखाली सूज येते' म्हणतो तेव्हा तो दाह नसतोच. जुनाट यकृतकृमी रोगात मेंढीच्या खालच्या जबड्याखाली पाणी साचते. ती जागा हाताला गार लागते, दुखत नाही, बोटाने दाबली तर खळगा पडून राहतो. लाली, उष्णता आणि वेदना ही दाहाची जुनी लक्षणे तेथे नाहीत. पित्तवाहिनीच्या बिघडलेल्या अस्तरातून अल्ब्युमिन हे प्रथिन पित्तात आणि तेथून आतड्यात गळत राहते, रक्तातील त्याचे प्रमाण घटते, आणि रक्तवाहिन्यांतील पाणी ऊतींमध्ये उतरते. त्यात प्रौढ कृमी रोज रक्त पितो. एका कृमीमागे दिवसाला ०.२ ते ०.५ मिलिलिटर रक्त जाते, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. अशा दोनशे कृमींचा हिशेब तुम्हीच करून पाहा. म्हणजे दाह यकृतात आणि पाणी जबड्याखाली. मधला दुवा रक्तातल्या प्रथिनाचा आहे. मराठी पुस्तकांनी निदान या पाठात तरी 'दाह' आणि 'जलशोथ' हे शब्द काटेकोरपणे वेगळे वापरावेत.

'यांत्रिक इजा' या लाडक्या कारणाकडेही जरा संशयाने पाहू. कृमीच्या अंगावर काटे असतात, ते पित्तवाहिनीच्या भिंतीला घासतात, म्हणून भिंत जाड होते, हे स्पष्टीकरण ऐकायला सोपे आहे. पण लंडनमधील बेन डॉझ यांनी १९६३ मध्ये उंदरांतील निरीक्षणांवरून दाखवले की कृमी वाहिनीत शिरण्याआधीच तिच्या अस्तराची वाढ सुरू झालेली असते. जो अजून आलाच नाही तो घासणार कसा? पुढे १९७७ मध्ये अमेरिकेतील आयसेरॉफ आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात आणखी एक धागा मांडला. हा कृमी प्रोलिन हे अमिनो आम्ल मोठ्या प्रमाणात बाहेर टाकतो. आणि नुसते प्रोलिन उंदीरवर्गीय प्राण्याच्या उदरपोकळीत सोडत राहिले तरी पित्तवाहिन्यांची अतिवृद्धी होते. कृमी नाही, काटे नाहीत, तरी वाहिनी वाढली. प्रयोग म्हणून हा देखणा आहे.

तरीही या शोधनिबंधाचा मान राखून मर्यादा सांगावी लागते. प्रोलिनने अतिवृद्धी होऊ शकते हे त्यातून सिद्ध होते. गाईच्या पित्तवाहिनीभोवती जो दाट तंतुमय आणि दाहक पेशींनी भरलेला पट्टा दिसतो तो केवळ प्रोलिनचा परिणाम आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. कोलॅजनमध्ये प्रोलिन भरपूर असते म्हणून प्रोलिन वाढले की कोलॅजन वाढते, असा सरधोपट तर्क काही टिपणांत मी वाचला आहे. तो इतका सोपा नाही. 'पुरेसे कारण' आणि 'प्रत्यक्ष घडलेले कारण' यांत अंतर असते, हे पदवीच्या पातळीवर शिकण्यासारखे आहे, आणि ते शिकवायला हा निबंध उत्तम आहे.

यांत्रिक कारण अगदीच टाकाऊ आहे असेही नाही. लॅन्सेट फ्लूक म्हणजे डायक्रोसीलियम हा छोटा यकृतकृमी पाहा. तो यकृताची ऊती पोखरत नाही, आतड्यातून मुख्य पित्तवाहिनीच्या वाटेने सरळ वर जातो. एकाच मेंढीत तो हजारोंच्या संख्येने असला तरी फॅसिओलासारखा तीव्र, प्राणघातक आजार होत नाही. म्हणजे मार्गाला महत्त्व आहेच. पाठ्यपुस्तके या दोघांची तुलना आकार आणि शाखायुक्त आतडे यांवरून करतात. ती मार्गावरून केली असती तर विद्यार्थ्याला रोग समजला असता.

आता रोगप्रतिकारशास्त्राच्या नव्या टिपणांकडे वळतो, कारण जुन्या पुस्तकांवर टीका करून नव्यांना सोडून देणे योग्य होणार नाही. या टिपणांत टी-मदतनीस पेशींचे दोन गट असतात: पहिल्या प्रकारचा प्रतिसाद संरक्षक, दुसऱ्या प्रकारचा कृमीच्या सोयीचा. कृमी पहिला दाबतो, दुसरा वाढवतो आणि सुखाने राहतो. आयर्लंडमधील गटांच्या कामातून याला चांगला आधार मिळाला आहे. कृमीच्या स्रावातील पेरॉक्सिरेडॉक्सिन या प्रथिनामुळे महाभक्षी पेशी मारक रूप सोडून डागडुजी करणारे रूप घेतात, हे त्यांनी दाखवले. पण यातील बराच भाग उंदरांवर आधारलेला आहे. उंदीर थोड्याशा कृमींनीही मरतो. मेंढी वर्षानुवर्षे त्यांना सांभाळत जगते, आणि एकदा लागण झाली तरी दुसऱ्या वेळी तिला फारसे संरक्षण मिळत नाही. ज्याचे यकृत एका-दोन कृमींनी भरून जाते त्या प्राण्यातील दाह हा मेंढीतील किंवा म्हशीतील दाहाचा नमुना मानायचा का, हा प्रश्न टिपणांत कुठेच विचारलेला नसतो.

शिवाय डागडुजी करणारा दाह फक्त कृमीच्याच सोयीचा आहे काय? पोखरलेल्या वाटा भरून काढणारा कोणी नसता तर जनावर रक्तस्रावाने गेले असते. तीच भरपाई प्रमाणाबाहेर गेली की यकृताचा डावा खंड आक्रसून कडक होतो आणि उजवा खंड वाढून त्याचे काम उचलतो. कत्तलखान्यात पाहिलेल्या मेंढीच्या यकृतात हा असमतोल नुसत्या डोळ्यांनी दिसतो. 'चांगला दाह, वाईट दाह' अशी विभागणी अशा यकृताकडे पाहताना टिकत नाही.

माझा सर्वांत गंभीर आक्षेप आता सांगतो. आपण शिकतो तो कृमी मुख्यतः इंग्लंडच्या मेंढीचा आहे. भारताच्या मैदानी भागात, गाई-म्हशींत प्रामुख्याने आढळतो तो फॅसिओला जायजँटिका, ज्याचे वर्णन कोबोल्ड यांनी १८५५ मध्ये केले. फॅसिओला हिपॅटिका आपल्याकडे काश्मीर व हिमालयाच्या थंड भागांत भेटतो आणि तेथे त्याची मध्यस्थ पोशिंदा लिम्निया ट्रंकॅट्युला ही चिखलातली इवलीशी गोगलगाय असते. मैदानी भागातील जायजँटिकाला लिम्निया ऑरिक्युलारिया ही तळ्या-कालव्यांत राहणारी मोठी गोगलगाय लागते. पाठ्यपुस्तकात जायजँटिकाला शेवटी एक परिच्छेद मिळतो आणि त्यात 'हा आकाराने मोठा असतो, बाकी सर्व हिपॅटिकाप्रमाणे' असा सूर असतो.

बाकी सर्व हिपॅटिकाप्रमाणे नसते. इंडोनेशियातील थिन टेल जातीची मेंढी जायजँटिकाला चांगला प्रतिकार करते, पण हिपॅटिकापुढे ती इतर मेंढ्यांसारखीच हतबल असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या मेंढ्यांच्या उदरपोकळीतील पेशी प्रतिपिंडांच्या साहाय्याने, सुपरऑक्साइड मूलकांच्या मार्फत जायजँटिकाच्या पिल्लू-कृमींना प्रयोगशाळेत मारताना दिसल्या. त्याच पेशी, तीच पद्धत, पण हिपॅटिकाची पिल्ले वाचली. म्हणजे दोन कृमींत फरक आहे तो लांबीपुरता नाही. दाहाच्या माऱ्यात कोण टिकतो आणि कोण मरतो, यातही ते वेगळे आहेत. आणखी एक गोष्ट: हा निर्णय यकृतात पोहोचण्याआधी, उदरपोकळीत होतो, म्हणजे पुन्हा त्या कोऱ्या बाणातच. ज्या देशाच्या म्हशींना जायजँटिका होतो त्या देशाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट ठाऊक नसावी, याचा मला खेद वाटतो.

हे सगळे परीक्षेपुरते आहे असे समजू नका. पशुपालकाच्या गोठ्यात याचा थेट संबंध औषधाशी येतो. ऑक्सिक्लोझॅनाइड आपल्याकडे सर्रास दिले जाते. ते पित्तवाहिनीतील प्रौढ कृमीवर चालते, ऊतीत हिंडणाऱ्या पिल्लांवर नाही. ट्रायक्लाबेंडाझोल पिल्लांवरही चालते, मात्र १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातून त्याला न जुमानणाऱ्या कृमींची नोंद झाली आणि पुढे इतर देशांतूनही होत गेली. कोणत्या टप्प्यातला दाह चालू आहे हे न ओळखता दिलेले औषध म्हणजे पैसे पाण्यात. दुसरा संबंध जिवाणूंशी. पोखरलेल्या वाटांतील मृत, प्राणवायूविरहित ऊतीत क्लॉस्ट्रिडियम नोव्हाय या जिवाणूचे सुप्त बीजाणू जागे होतात आणि मेंढीला 'ब्लॅक डिसीज' होऊन ती तासाभरात दगावू शकते. थोड्याच कृमींनी पाडलेली वाटही त्याला पुरते.

तिसरा संबंध क्षयरोगाच्या चाचणीशी. गाईला क्षय आहे की नाही हे पाहण्यासाठी कातडीत ट्युबरक्युलिन टोचतात आणि गाठ येते का ते पाहतात. ही गाठ म्हणजे पहिल्या प्रकारच्या प्रतिसादाचा दाह. यकृतकृमीने तोच प्रतिसाद दाबला असेल तर गाठ कमी येणार. इंग्लंड आणि वेल्समधील दुभत्या कळपांच्या माहितीवरून २०१२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये असा अंदाज मांडला गेला की यकृतकृमीमुळे सुमारे एक तृतीयांश क्षयबाधा नजरेतून सुटत असाव्यात. हा आकडा गणिती प्रतिमानातून आलेला आहे, तेथील कृमी हिपॅटिका आहे आणि तेथील गाई वेगळ्या आहेत; तो जसाच्या तसा आपल्या म्हशींना लावणे चूक ठरेल. पण ज्या देशात दोन्ही रोग एकाच गोठ्यात असू शकतात तेथे हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो विचारण्यासाठी दाह म्हणजे काय ते आधी कळायला हवे.

तेव्हा पुढच्या वेळी आकृती काढताना मेंढीकडे जाणारा बाण पुसून तेथे एक लांब पट्टी काढा. पट्टीवर आठवड्यांच्या खुणा करा. पहिल्या आठवड्यापाशी आतडे, उदरपोकळी आणि यकृताचे आवरण लिहा. दुसऱ्यापासून आठव्यापर्यंत रक्ताळलेल्या वाटा, इओसिनोफिल आणि ग्लुटामेट डिहायड्रोजिनेज. त्यानंतर पित्तवाहिनी, अतिवृद्धी, गॅमा ग्लुटामिल ट्रान्सफरेज आणि अल्ब्युमिनची गळती. हिपॅटिकाची अंडी शेणात दहाव्या ते बाराव्या आठवड्यापासून दाखवा. मग खाली जायजँटिकाची दुसरी पट्टी काढा; तिच्यात अंडी तेराव्या ते सोळाव्या आठवड्याच्या सुमारास येतात. प्रयोगशाळेत यकृताचा छेद मिळाला तर सूक्ष्मदर्शकाखाली आधी कृमी शोधू नका, वाट शोधा, आणि तिच्यात ताजे रक्त आहे, इओसिनोफिल आहेत की कोलॅजन, यावरून ती किती जुनी असेल ते ठरवून पाहा.